कुंपण आणि कवाड : मॉस्कोतील जर्मन वसाहत

पुरस्कर्ता : मॉस्कोच्या ईशान्येस, याउझा नदीच्या काठी, सतराव्या शतकाच्या मध्यास वसवल्या गेलेल्या ‘नेमेत्स्काया स्लोबोदा’ या परकीयांच्या वस्तीला रशियाच्या इतिहासात मिळालेले स्थान तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे आहे, आणि तरीही ते अवाजवी नाही. स्लोबोदा म्हणजे एखाद्या व्यवसायाच्या किंवा समूहाच्या लोकांसाठी राखलेली, स्वतःच्या सवलती आणि स्वतःची बंधने असलेली उपनगरी वसाहत. ‘नेमेत्स’ हे नाव आज जर्मनांपुरते उरले असले, तरी त्या काळी ते डच, स्कॉटिश, इंग्रज, डॅनिश, स्वीडिश अशा पश्चिम आणि उत्तर युरोपातून आलेल्या सर्वांना सरसकट लावले जाई. १६६५ च्या मोजदादीत येथे दोनशेच्या आसपास घरे भरली. एवढ्याशा वस्तीने रशियाच्या दरबाराला पहिले नाटक दिले, नव्या पद्धतीच्या पलटणींना अधिकारी दिले, झार पहिला पीटर याला भूमिती शिकवणारा शिक्षक दिला आणि शहराला पहिले खाजगी औषधालय दिले. राजधानीच्या एका कोपऱ्यात परकीयांना एकत्र राहू दिल्याने संपूर्ण देशाचे वळण कसे बदलू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण युरोपच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

संशयवादी : ‘राहू दिले’ हे वर्णन मूळ घटनेला फारच सौम्य करून टाकते. ४ ऑक्टोबर १६५२ रोजी झार अलेक्सेई मिखाइलोविच याच्या हुकुमाने, ऑर्थोडॉक्स धर्म न स्वीकारलेल्या परकीयांना मॉस्कोतील राहती घरे सोडून शहराबाहेर जावे लागले. त्याआधी कित्येक वर्षे ही माणसे पोक्रोव्का रस्त्याच्या परिसरात रशियन शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. १६४३ मध्ये तेथील पाद्र्यांनी अर्ज केला, आणि त्यातील तक्रार धर्माची जितकी होती तितकीच मिळकतीचीही होती : परकीय चढ्या भावाने घरे विकत घेतात, त्यामुळे चर्चच्या हद्दीतील ऑर्थोडॉक्स कुटुंबे कमी होतात आणि पाद्र्यांचे उत्पन्न बुडते. १६४६ मध्ये रशियन व्यापाऱ्यांनी परकीय व्यापाऱ्यांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. १६४९ च्या ‘सोबोर्नोये उलोझेनिये’ या विधिसंहितेने परकीयांना मॉस्कोत रशियनांची घरे विकत घेण्यास बंदी केली, त्यांची प्रार्थनागृहे मातीच्या तटाबाहेर, ऑर्थोडॉक्स चर्चपासून दूर नेण्यास सांगितले आणि त्यांनी ऑर्थोडॉक्स नोकर ठेवू नयेत असेही ठरवले. तीन वर्षांनी आलेला हुकूम हा या साखळीचा शेवटचा दुवा होता. जिची सुरुवात हकालपट्टीने झाली, त्या वस्तीला प्रगतीचे कवाड म्हणणे म्हणजे परिणामावरून हेतू ठरवणे होय.

पुरस्कर्ता : हेतू उदार होता असा दावा येथे नाही. प्रश्न एवढाच आहे की वेगळी वस्ती असणे हे त्या शहरात अपवादात्मक किंवा अपमानास्पद होते काय. सतराव्या शतकातील मॉस्को हे मुळात स्लोबोदांचेच शहर होते. राजवाड्यासाठी कापड विणणाऱ्यांची वस्ती वेगळी, कुंभारांची वेगळी, ‘स्त्रेल्त्सी’ या बंदूकधारी शिपायांची वेगळी आणि तातारांचीही वेगळी होती. मॉस्कोबाहेरही हीच रीत होती. व्होल्गेच्या मुखाजवळील आस्त्राखानमध्ये सतराव्या शतकात भारतीय व्यापाऱ्यांचे स्वतंत्र आवार होते आणि तेथे त्यांना आपापल्या पद्धतीने पूजाअर्चा करता येत असे. शिवाय परकीयांची अशी वस्ती १६५२ मध्ये प्रथमच निर्माण झाली असेही नाही. चौथा इव्हान याने लिव्होनियाच्या युद्धात पकडून आणलेल्या लोकांना याउझाच्याच काठी वसवले होते. इव्हानच्याच माणसांनी ती वस्ती लुटली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीच्या अंदाधुंदीत ती जळून गेली. त्या मानाने १६५२ नंतरच्या वसाहतीला जमीन मिळाली, ल्यूथरपंथी आणि कॅल्व्हिनपंथी प्रार्थनागृहे मिळाली आणि राज्याचे संरक्षण मिळाले. वेशीबाहेर टाकलेल्या, कोणी विचारू नये अशा लोकांची ही वस्ती नव्हती. पगारदार कर्नल, वैद्य, सोनार, घड्याळजी आणि घाऊक व्यापारी यांची ती वस्ती होती.

संशयवादी : कुंभाराची स्लोबोदा आणि परकीयांची स्लोबोदा यांत एक मूलभूत फरक आहे. कुंभाराला त्याच्या कामावरून एकत्र बसवले होते, परकीयांना मात्र ते कोण आहेत यावरून वेगळे काढले होते. शिवाय हा हुकूम केवळ राहण्याच्या जागेपुरता नव्हता, पोशाखही त्याच सुमारास सीमारेषा बनला. होल्स्टाइनच्या वकिलातीबरोबर रशियात आलेला आडाम ओलेआरियस लिहितो की मिरवणुकीतून आशीर्वाद देत जाणाऱ्या पॅट्रिआर्कला, म्हणजे रशियन चर्चच्या प्रमुखाला, रशियन कपड्यांतील काही माणसे रीतीप्रमाणे वाकताना दिसली नाहीत. ती परकीय निघाली, आणि त्यानंतर परकीयांनी आपापल्या देशाचेच कपडे घालावेत असे फर्मान निघाले. येथे चीड परकीय वेगळा दिसतो म्हणून नाही, तो वेगळा दिसत नाही म्हणून आली आहे. भाषा, कपडे आणि शेजार यांतून जे मिसळणे आपोआप सुरू झाले होते, ते १६५२ ने थांबवले. आपण ज्याला देवाणघेवाणीचे केंद्र म्हणता, त्याची स्थापना देवाणघेवाण तोडण्यासाठी झाली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पुरस्कर्ता : ती नजरेआड करण्याचे कारणच नाही, कारण खरा मुद्दा तेथूनच सुरू होतो. शहरभर विखुरलेले परकीय एकेकटे होते. काहींनी ऑर्थोडॉक्स धर्म स्वीकारला आणि त्यांची मुले-नातवंडे रशियन समाजात विरून गेली. एकत्र आणल्यावर मात्र त्यांच्या शाळा, प्रार्थनागृहे, भाषा, वाचन आणि पत्रव्यवहार टिकून राहिला, आणि एक छोटे पण अखंड युरोपीय नगर मॉस्कोपासून हाकेच्या अंतरावर उभे राहिले. रशियन जीवन परक्या प्रभावापासून सुरक्षित राहावे म्हणून जे कुंपण घातले, त्या कुंपणानेच शेवटी शेत खाल्ले. १६७२ चे उदाहरण घ्यावे. झार अलेक्सेई याला दरबारात नाटक हवे होते, आणि ते बसवू शकेल असा माणूस या वस्तीतच मिळाला : ल्यूथरपंथी पाद्री योहान गोटफ्रीड ग्रेगोरी. त्याने वसाहतीतील मुले हाताशी धरून बायबलमधील एस्तेरच्या कथेवरचे नाटक तयार केले, आणि १७ ऑक्टोबर १६७२ रोजी प्रेओब्राझेन्स्कोये या राजग्रामात झारसमोर त्याचा प्रयोग झाला. वीस वर्षांपूर्वी याच झारने या लोकांना शहराबाहेर काढले होते.

त्याहून बोलके उदाहरण पीटरचे आहे, आणि ते त्याने स्वतःच आरमारी नियमावलीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. लांबचे अंतर जागेवरून न हलता मोजता येईल अशा एका उपकरणाविषयी राजपुत्र याकोव्ह दोल्गोरुकोव्ह याने कोवळ्या वयाच्या पीटरला सांगितले होते. पुढे ते उपकरण परदेशातून आणवले गेले; ते खगोल आणि मोजणीच्या कामात वापरले जाणारे अॅस्ट्रोलेब होते. आणल्यावर मात्र ते कसे वापरायचे हे दरबारात कोणालाच सांगता येईना. विचारपूस करता करता फ्रान्झ टिमरमान हा डच गृहस्थ सापडला. त्याने पीटरला अंकगणित, भूमिती आणि तटबंदीचे शास्त्र शिकवले. १६८८ मध्ये इझ्माइलोव्हो येथील कोठारात जुनी होडी सापडली, तेव्हा ती वाऱ्याच्या उलट दिशेनेही चालते हे टिमरमाननेच सांगितले, आणि कार्स्टन ब्रांट या वृद्ध डच कारागिराने ती दुरुस्त करून याउझेवर चालवून दाखवली. ही माणसे नदीकाठाने थोडे खाली गेले की भेटण्यासारखी नसती, तर ते उपकरण शोभेची वस्तू म्हणून पडून राहिले असते.

संशयवादी : या दोन्ही उदाहरणांतून वसाहतीचे सामर्थ्य दिसते की तिची उपलब्धता? नाटक हवे होते म्हणून पाद्र्याला बोलावले. उपकरण चालेना म्हणून टिमरमानला शोधले. मागणी राजाची, वेळ राजाची, उपयोगही राजाचाच. वसाहत हे झारचे कोठार होते आणि त्यातून हवे ते काढून नेता येत होते. स्वतः काही पुढे करण्याचा, किंवा नको असेल तेव्हा निघून जाण्याचा अधिकार त्या माणसांना किती होता? पॅट्रिक गॉर्डन हा स्कॉटिश कॅथलिक अधिकारी १६६१ मध्ये रशियाच्या सेवेत आला आणि सेनापतिपदापर्यंत चढला. १६८६ मध्ये त्याने कायमचे मायदेशी जाण्याची परवानगी मागितली, इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याने त्याच्यासाठी शब्दही टाकला. तरी परवानगी मिळाली नाही, उलट पदावनती आणि दूरच्या सीमेवर रवानगी अशी धमकी मिळाली आणि त्याला माफी मागावी लागली. वसाहतीतील सर्वांत मानाच्या माणसाची ही स्थिती, तर साध्या शिपायाची आणि कारागिराची काय असेल? ज्यांनी ऑर्थोडॉक्स धर्म स्वीकारला त्यांना मॉस्कोत घर ठेवता येई हे खरे, पण त्यांचा परतीचा रस्ता कायमचा बंद होई.

संरक्षणाचेही तसेच. १६८२ च्या बंडात स्त्रेल्त्सींनी दरबारी वैद्य डॅनिएल फॉन गाडेन याला, झार फ्योदोरला विष दिल्याचा आरोप ठेवून, ठार मारले. १६८९ मध्ये क्विरिनस कूलमान हा जर्मन कवी आणि गूढवादी उपदेशक मॉस्कोत जिवंत जाळला गेला, आणि त्याच्याबरोबर वसाहतीतील एक व्यापारीही जाळला गेला. राज्य परकीयांचे कौशल्य वापरत होते. त्यांच्या जीविताची हमी मात्र त्या-त्या दिवशीच्या सत्ताकारणावर अवलंबून होती.

पुरस्कर्ता : कूलमानचे उदाहरण आपल्या बाजूने वाटते तितके सरळ नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार रशियन चर्चने प्रथम केली नाही. ती वसाहतीतीलच ल्यूथरपंथी पाद्र्याने केली. याचा अर्थ येथे ‘परकीय’ नावाचा एकसंध, असहाय समूह नव्हता. येथे पंथांची आपसांत तेढ होती, व्यापारी आणि लष्करी अधिकारी यांच्यात प्रतिष्ठेचे वाद होते. शहरातील एक जुने प्रार्थनागृह पाडले जाण्याचे निमित्त म्हणून ओलेआरियस सांगतो ती हकिकत प्रसिद्धच आहे : पुढच्या बाकांवर कोणी बसायचे यावरून व्यापाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बायका भर प्रार्थनेच्या वेळी भांडल्या आणि तो गोंधळ पॅट्रिआर्कच्या कानी पडला. ही माणसे राज्यसत्तेचा आपापल्या भांडणांत उपयोग करून घेत होती, म्हणजे ती केवळ कोठारात ठेवलेली साधने नव्हती.

आणि प्रभाव केवळ राजाच्या मागणीने बाहेर आला हे म्हणणेही पुराव्याला धरून नाही. १६७५ मध्ये दरबारी मंडळींनी परकी चालीरीती उचलू नयेत, केस कापू नयेत, परकी पद्धतीचे कपडे घालू नयेत असा हुकूम काढावा लागला. जे कोणी करतच नाही, त्याच्यावर बंदी घालण्याची गरज पडत नाही. वसाहत वसवल्यानंतर तेवीस वर्षांत तिच्याकडे पाहून मॉस्कोचे सरदारपुत्र आपले राहणीमान बदलू लागले होते, आणि तेही राजाच्या इच्छेविरुद्ध. पॅट्रिआर्क योआकिम याने १६९० च्या फेब्रुवारीत दरबारी मेजवानीतून गॉर्डनला वगळायला लावले, तर दुसऱ्या दिवशी पीटर गॉर्डनबरोबर जेवला. पुढच्याच महिन्यात वारलेल्या योआकिमने आपल्या मृत्युपत्रात परधर्मीयांच्या हाती सैन्य देऊ नये आणि त्यांची प्रार्थनागृहे पाडावीत अशी विनवणी केली होती. चर्चचा प्रमुख मरताना ज्या वस्तीची चिंता करतो, तिला निव्वळ उपलब्ध साधनांचा साठा म्हणता येत नाही.

संशयवादी : वसाहतीचे रहिवासी केवळ बळी नव्हते, एवढे मान्य करण्यासारखे आहे. पण योआकिमची चिंता आणि १६७५ चा हुकूम या दोन्ही गोष्टी दरबाराच्या वर्तुळातल्या आहेत. सामान्य मॉस्कोकरांशी या वस्तीचा संबंध कसा होता हे १६९८ च्या बंडातून दिसते. सीमेवर खितपत पडलेल्या स्त्रेल्त्सींनी राजधानीकडे कूच केले, तेव्हा त्यांच्या रागाच्या यादीत फ्रान्झ लेफोर हा जिनिव्हाहून आलेला पीटरचा जिवलग होता, आणि जर्मन वसाहत लुटून जाळण्याचा त्यांचा बेत होता. त्यांना मोडून काढणारा सेनानी होता गॉर्डन. पीटर परदेशातून परतला तो क्रेमलिनमध्ये न जाता आधी वसाहतीत गेला. नंतर त्याने सरदारांच्या दाढ्या कापल्या आणि शेकडो स्त्रेल्त्सींना मृत्युदंड दिला. ज्यांच्या नजरेसमोर हे सर्व घडले त्यांना ही वस्ती ज्ञानाचे कवाड न वाटता आपल्यावर रोखलेली तोफ वाटली असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

त्यानंतर जे झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. १७०१ च्या हुकुमाप्रमाणे रशियन पोशाखात मॉस्कोच्या वेशीतून येणाऱ्या शहरवासीयाकडून, तो पायी असेल तर ४० कोपेक आणि घोड्यावर असेल तर २ रूबल घेतले जाऊ लागले. १७०५ मध्ये दाढीवर कर बसला. श्रीमंत व्यापाऱ्याला दाढी राखायची तर वर्षाला १०० रूबल भरावे लागत, आणि शेतकऱ्याला शहरात येता-जाताना वेशीवर दाढीचे पैसे मोजावे लागत. पन्नास वर्षांपूर्वी पोशाखावरून परकीयाला तटाबाहेर ठेवले होते, आता पोशाखावरून आणि दाढीवरून रशियन माणसालाच वेशीवर अडवले जाऊ लागले. आपण म्हणता तसे कुंपणाने शेत खाल्लेही असेल; पण कुंपण नाहीसे झाले नाही. ते परकीय आणि रशियन यांच्यामधून उचलून रशियन आणि रशियन यांच्यामध्ये रोवले गेले.

पुरस्कर्ता : हा आक्षेप वजनदार आहे. तरी त्याचे खापर वसाहतीवर फोडणे न्याय्य नाही. दाढीवर कर वसाहतीने लावला नाही, राज्याने लावला. आणि जे राज्य १६५२ मध्ये हुकुमाने माणसे हलवत होते, तेच १७०५ मध्ये हुकुमाने दाढ्या हलवत होते. पद्धत अस्सल मॉस्कोची होती, तिला उद्दिष्ट तेवढे नवे मिळाले होते. वसाहतीतून जे सक्तीशिवाय आले ते वेगळे मोजले पाहिजे. १७०१ मध्ये योहान ग्रेगोरियस याला वसाहतीत खाजगी औषधालय उघडण्याची सनद मिळाली, तोवर औषधालये हा राज्याचाच कारभार होता; त्या गल्लीचे ‘आप्तेकार्स्की’, म्हणजे औषधालयाची, हे नाव आजही आहे. निकोलास बिडलू या डच वैद्याने १७०७ मध्ये याउझेच्या काठी रुग्णालय सुरू केले आणि त्याला जोडून शल्यवैद्यांची शाळा चालवली. तेथे शिकलेले रशियन विद्यार्थी कोणाच्या दाढीवर उठलेले नव्हते.

आणि १७०२ च्या जाहीरनाम्याने परकीयांना रशियात येण्याचे खुले निमंत्रण दिले, त्यांना आपापल्या पंथाप्रमाणे उपासनेचे स्वातंत्र्य दिले. पुढे राजधानी सेंट पीटर्सबर्गला गेली, परकीयांना कोठेही राहता येऊ लागले आणि स्लोबोदा हळूहळू सरदारांच्या वाड्यांची आणि नंतर सामान्य मॉस्कोकरांची वस्ती झाली. १७९९ मध्ये कवी पुश्किन याच परिसरात जन्मला. परकीयांची वस्ती कोणी उठवली म्हणून नव्हे, तर वेगळे राहण्याचे कारण उरले नाही म्हणून संपली. तिच्या यशाचा याहून चांगला पुरावा कोणता?

संशयवादी : वस्ती संपली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्यात घाई आहे. १७०२ च्या जाहीरनाम्याने परकीयाला येण्याचे दार उघडले, पण त्याच राज्यातील भूदास शेतकऱ्याला मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नव्हते, आणि ती स्थिती १८६१ पर्यंत टिकली. परकीयाला मिळालेले स्वातंत्र्य हा स्वातंत्र्याच्या तत्त्वाचा विजय नव्हता. कुशल माणसांच्या टंचाईवर काढलेला तो उपाय होता. उपासनेची मुभा पुढे टिकली, कारण तिची राज्याला किंमत पडत नव्हती. निघून जाण्याची मुभा गॉर्डनला मिळाली नाही, कारण तिची किंमत पडत होती. म्हणून या वस्तीचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. राजधानीला या वस्तीकडून काय मिळाले, हा एक. आणि वस्तीतील माणसांना राजधानीकडून हक्क म्हणून काय मिळाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लांबलचक आणि दिमाखदार आहे, दुसऱ्याचे तोकडे आहे.

पुरस्कर्ता : दोन प्रश्न वेगळे ठेवण्यास हरकत नाही, मात्र ते एकमेकांपासून तोडताही येणार नाहीत. हक्क तोकडे होते तरी माणसे येत राहिली, पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि रशियातच वाढलेला स्कॉटिश घराण्यातील याकोव्ह ब्रूस हा पीटरचा तोफखानाप्रमुख आणि विद्वान सल्लागार झाला. तो परकीय होता की मॉस्कोकर, याचे उत्तर कायद्यात सापडणार नाही. माणसे हक्कांची वाट न पाहता शहराशी नाते जोडतात, आणि ते नाते इतिहासात मोजायचे की नाही, हा तिसरा प्रश्न आपल्या दोन प्रश्नांत बसत नाही.

संशयवादी : तो प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर ब्रूसच्याच थडग्याने अवघड केले आहे. त्याला जेथे पुरले होते ते वसाहतीतील सेंट मायकेलचे ल्यूथरपंथी चर्च १९२८ मध्ये एका वैमानिकी संशोधनसंस्थेच्या विस्तारासाठी पाडले गेले. वसाहतीच्या मुख्य रस्त्याचे ‘नेमेत्स्काया’ हे नावही क्रांतीनंतर बदलून, तेथे १९०५ मध्ये मारला गेलेला क्रांतिकारक निकोलाय बाउमान याच्या नावाने ‘बाउमान्स्काया’ झाले. लेफोरसाठी पीटरने बांधलेला वाडा मात्र उभा आहे, आणि आज त्यात रशियाच्या लष्करी इतिहासाचे सरकारी दफ्तर ठेवलेले आहे. परकीयांकडून जे राज्याच्या कामी आले ते जपले गेले, जे त्यांचे स्वतःचे होते त्याला तो आधार मिळाला नाही. कोणत्याही राजधानीतील परकीय वस्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन्हींची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावी, आणि बेरीज करण्याची घाई करू नये.